एक्केचाळिसावं आवतन

मॅनेजर सबनीसांनी कागदांची चळत टेबलावर ठेवली आणि वरच्या पानावर बोट आपटलं.

"एक्केचाळीस."

गोंधळी सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय एक्केचाळीस?"

"वॉर्निंग्ज. नव्या कंपायलरनं तुमच्या संबळमध्ये काढल्यात. जुन्यात एकही नव्हती."

"जुना शहाणा होता."

"सर, चेष्टा नको. शुक्रवारी तपासणीवाले येतायत. त्यांना प्रत्येक वॉर्निंगपुढं खरी की खोटी ते लिहून हवंय, कारणासकट. सगळ्या खोट्या निघाल्या तर नव्या वॉर्मरमध्ये संबळच राहील. एक जरी खरी निघाली, तर बाहेरची सिस्टीम घ्यायची. वरती ठरलंय तसं."

"आणि आमचं डिपार्टमेंट?"

सबनीस माझ्याकडं बघून हसले. "दोन माणसांच्या टेबलाला डिपार्टमेंट म्हणतात होय?"

ते गेल्यावर सरांनी चळत माझ्याकडं सरकवली. "वैजू, किती दिवस हायत?"

"आज सोमवार. गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्यायला लागेल."

"मग च्या सांग."

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. साताऱ्याच्या एमआयडीसीतली आमची कंपनी तान्ह्या बाळांचे वॉर्मर करायची. बाळ दिवसांआधी जन्मलं, अंगात ऊब धरेना, की त्याला ज्या गादीवर ठेवतात ते यंत्र. वर तापणारी कांडी, बाळाच्या पोटाला चिकटवलेला सेन्सर, आणि या दोघांच्या मध्ये सरांचं संबळ. संबळ म्हणजे त्या यंत्रातली छोटीशी ऑपरेटिंग सिस्टीम. कांडी कधी तापवायची, कधी विझवायची, सेन्सरला कधी विचारायचं, घंटा कधी वाजवायची, हे सगळं ती एका ठेक्यात करायची. सेकंदाला शंभर ठोके.

प्रल्हाद गोंधळी माण तालुक्यातल्या गोंधळ्याच्या घरचे. वडील, चुलते लग्नाघरी रात्रभर संबळ वाजवणारे. सरांना विचारलं की म्हणायचे, "ताल माझ्या डोक्यात होता, हातात उतरला न्हाई. मग यंत्राला शिकवला." सतरा वर्षं त्यांनी ती सिस्टीम एकट्यानं लिहिली होती, आणि कोडमधल्या टिपा इंग्रजी अक्षरांत, पण मराठी ओव्यांत लिहिल्या होत्या. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या दिवशी तेच वाचून हसले होते. मग हळूहळू हसू थांबलं, कारण कुठलाही कागद न बघता त्या ओव्यांवरून मला कोड कळायला लागला.

यंत्र चालू झालं की सगळ्यात आधी 'आवतन' नावाचा तुकडा चालायचा. गोंधळात जसं देवदेवतांना नावं घेऊन बोलावतात, तसं संबळ बोर्डावरच्या एकेका भागाला त्याच्या पत्त्यावर जाऊन हाक मारायचं. पहिली हाक घड्याळाला. वर टीप होती:

पहिलं आवतन, घड्याळाच्या गं काट्याला
ठोका चुकवू नको, तान्ह्या जिवाच्या वाट्याला

आणि नव्या कंपायलरची तक्रार नेमकी या आवतनाबद्दल होती.

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा. उतरवताना शंका आली की तो वॉर्निंग देतो. थांबत नाही, नुसतं सांगतो. यानं एक्केचाळीस वेळा एकच वाक्य सांगितलं होतं. या पत्त्यावर काहीही नाही, तुम्ही रिकाम्या जागेतून वाचताय. आणि एक्केचाळीस वेळा एकाच ओळीकडं बोट दाखवलं होतं, हाक मारणाऱ्या ओळीकडं.

"ही ओळ तर बरोबर आहे, सर," मी सोमवारी दुपारी म्हणाले. तोवर ती ओळ मला पाठ झाली होती.

"वळीत काय नसतंय. ती नुसती हाक हाय. कुणाला मारली ते बघ."

"ते तो सांगतच नाही. सगळ्यांना एकच ओळ."

"मग एकेकाला गप कर. कोन गप झाला की कुटली वॉर्निंग जाती, बघ."

तसंच केलं. एक आवतन बंद करायचं, पुन्हा सगळा कोड उतरवायला लावायचा, वॉर्निंग मोजायच्या. चाळीस. आता हे चालू, पुढचं बंद. पुन्हा चाळीस. मंगळवारी दुपारी कारण हाताला लागलं. शून्याजवळचे पत्ते या नव्या कंपायलरच्या लेखी ओसाड माळ होते. तिथं कुणी राहतच नाही, असं त्यानं धरलेलं. मोठ्या कॉम्प्युटरांत ते खरंही असतं. आमच्या बोर्डावर मात्र सगळी वस्ती तिथंच होती. घड्याळ, कांडी, घंटा, पडदा, सगळे शून्याच्या अंगणात.

सर खुर्चीतून उठलेच. "म्हंजे बोर्ड न बघताच म्हनतोय!"

"त्याला बोर्ड दिसतच नाही, सर. तो नुसता आकडा बघतो."

"आंधळ्यानं गाव ओसाड ठरवलं की गं."

"मग एकच कारण लिहायचं आणि सगळीकडं चिकटवायचं. खोटी, खोटी, खोटी."

"न्हाई." त्यांनी ड्रॉवर उघडला, आतला बोर्ड काढून टेबलावर ठेवला. "आकडा बघून त्यो बोलला. आकडा बघून आपन बी बोललो तर आपल्यात आन त्याच्यात फरक काय? हात लाव. ह्या पत्त्यावर कोन?"

"घंटा."

"कुटं हाय?"

मी नकाशा बघून बोर्डावरच्या काळ्या चिपेवर बोट ठेवलं. गार, गुळगुळीत.

"हाय का?"

"आहे."

"लिव्ह. खोटी."

उरलेला मंगळवार आणि बुधवारची सकाळ अशी गेली. मी पत्ता काढायची, नकाशात शोधायची, बोट ठेवायची, ते "हाय का?" विचारायचे, मी "आहे" म्हणायची. मधूनच सबनीस दारात यायचे.

"हे काय चाललंय? पूजा?"

"नांदायला आलेल्या सुनंचं माप वलांडनं," सर म्हणायचे. "तुमी जावा, हळदीकुंकवाला बोलवू."

सबनीस गेल्यावर ते मला म्हणाले, "सतरा वर्सं कुनी इच्यारलं न्हाई गं, की हितं कोन कोन ऱ्हातंय. कंपायलरनं इच्यारलं. येडा हाय, पर इच्यारलं तरी." आणि लाजल्यासारखे हसले. चाळिसाव्या पुढं 'खोटी' लिहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस वाचला.

बुधवारी जेवायच्या सुट्टीत सर उठले. "एकच ऱ्हायली न्हवं? लिहून टाक. तीबी तसलीच."

"बोट लावून?"

"लाव की. बोर्ड..." त्यांनी ड्रॉवरला सवयीनं कुलूप घातलं होतं आणि किल्ली खिशात घेऊन ते कँटीनकडं निघालेही होते. मी हाक मारली नाही. एक्केचाळिसावा पत्ता काढला. वर टीप होती:

धाकलं आवतन, कोपऱ्यातल्या गं चिपेला
तुझ्या शब्दाविना, माप येईना उबेला

ही दुरुस्तीची चिप. प्रत्येक सेन्सर थोडा चुकतो. कुणी अर्धा अंश कमी सांगतो, कुणी दीड. कारखान्यात तो सेन्सर किती चुकतो ते मोजून तेवढा आकडा या चिपेत ठेवायचा, आणि संबळनं दर वेळी तो मिळवून खरं तापमान काढायचं. मी कागदावर 'खो' लिहिलं. पण दोन दिवसांची सवय बोटाला लागली होती. बोर्ड कुलपात, म्हणून मी खाली लाइनवर गेले. तिथं नवे बोर्ड ओळीनं पडलेले असतात, त्यातल्या एकाला बोट लावून यावं म्हटलं.

शकीला मावशी डबा खात होती. वीस वर्षं बोर्डांवर चिपा डाग देऊन जोडणारी बाई. बोटांची टोकं भाजून भाजून कातड्यासारखी झालेली.

"काय गं, वर जेवान न्हाई मिळालं?"

"मावशी, कोपऱ्यातली छोटी चिप कुठंय?"

"कंची?"

मी बोर्डाचा उजवा कोपरा दाखवला. तिथं आठ बारीक चंदेरी ठिपके होते. त्यांवर काही नव्हतं.

"ती व्हय? ती दिवाळीपासनं बसवत न्हाई आमी."

"का?"

"खरेदीवाल्यांनी सांगितलं, नवं सेन्सर मुळातच बरोबर येत्यात, दुरुस्ती लागत न्हाई. आकडा भरायचं टेबल बी उचललं." तिनं चपातीचा तुकडा मोडला. "वर कळवलं आसंल की. का, न्हाई कळवलं?"

मी त्या आठ ठिपक्यांवर बोट ठेवलं. खरखरीत लागलं.

सर कँटीनमधून आले तेव्हा मी दारातच उभी होते. सांगितलं. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग आम्ही दोघं तपासणीच्या खोलीत गेलो. तयार झालेले पाच वॉर्मर लावले, प्रत्येकाच्या गादीवर खोलीतला अचूक मीटर ठेवला. तीन यंत्रं बरोबर होती. चौथं एका अंशानं कमी सांगत होतं. पाचवं दीड अंशानं. म्हणजे गादी अडतीस अंशांवर गेलेली आणि पडद्यावर साडेछत्तीस. रिकाम्या जागेतून वाचलं की शून्य येतो, आणि संबळ इमानदारीनं तो शून्य मिळवत होतं.

"किती गेली दिवाळीपासनं?" सरांनी विचारलं.

मी पाठवणीच्या नोंदवहीत बघून आले. "चौसष्ट."



गुरुवारी सकाळी मी आधी वर आले. बाकीचे चाळीस भाग नव्या बोर्डावर पुन्हा बोट लावून बघितले. सगळे जागेवर होते. मग कागद पुढं घेऊन सरांची वाट बघत बसले. मी मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं.

"सर, ऐका. ही वॉर्निंग पण खोटीच आहे."

"आसं?"

"कंपायलरनं बोर्ड बघितलेला नाही. त्याचं कारण चाळीस जागी चुकलं तेच इथंही चुकलंय. चिप बसवली असती तरी तो हेच म्हणाला असता. नाही बसवली हे त्याला कुठं माहितेय? तो चुकून बरोबर आलाय. आपण वॉर्निंग खोटी लिहू, आणि चिपेचं वेगळं पत्र देऊ. संबळ वाचेल, यंत्रंही परत येतील."

"हुशार हायस."

"खरंच आहे ते, सर."

"वॉर्निंग काय म्हनती? वाच."

"सर..."

"वाच गं."

"या पत्त्यावर काहीही नाही."

"हाय का?"

मी कागद बाजूला सरकवला.

"दोन दिवस मी तुला ह्योच एक सवाल घालतोय. हाय का?"

"नाही."

"मग लिव्ह."

"तुमची सतरा वर्षं जातील हो!"

ते खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पण घातला नाही. "वैजू, आमच्यात आवतन देत्यात. कोन आलं, कोन न्हाई, मोजत न्हाईत. बोलावलं म्हंजे देव आला, आसंच धरत्यात. मोजनं पाप. मी बी तसंच लिवलं. हाक मारली आन पुढं गेलो. जबाब आला का ते बघायच्या दोन वळी लिवल्या आसत्या तर यंत्र दिवाळीलाच बंद पडलं आसतं. पयल्याच दिवशी. आन ह्यो बोर्ड बी," त्यांनी ड्रॉवरकडं मान केली, "माझा जुना. त्याच्यावर बोट ठिवून तू चाळीस येळा खोटी लिवलीस. एक्केचाळिसावीबी लिवली आसतीस. मीच सांगून गेल्तो." त्यांनी पेन माझ्यापुढं धरलं. "खरी लिव्ह. खाली माझी सही घे."

मी रडत होते, म्हणून त्यांनी स्वतःच लिहिलं. सुंदर अक्षर होतं त्यांचं. 'खरी. येथे चिप नाही. सांगणारा आंधळा असला तरी सांगणे खरे. चौसष्ट यंत्रे परत बोलवावीत.'

सबनीसांनी कागद वाचला तेव्हा मी समोर होते.

"म्हणजे एक खरी निघाली."

"एक निघाली," सर म्हणाले. "यंत्रं परत बोलवा."

"ते खरेदीचं प्रकरण आहे, सर. वेगळं. पत्रं जातील."

"कवा?"

"जातील हो."

शुक्रवारी तपासणीवाले आले, अर्ध्या तासात गेले. महिनाअखेरीला सरांचा निरोपसमारंभ झाला. सबनीसांनी शाल घातली आणि दोन मिनिटं खरंच चांगलं बोलले. मला तपासणीच्या खोलीत टाकलं. बाहेरची सिस्टीम आली, तिच्याबरोबर एक गोरागोमटा इंजिनिअर आला. त्यानं पहिल्यांदा सगळा कोड उतरवला तेव्हा सबनीस मुद्दाम मला बोलावून घेऊन गेले. पडदा स्वच्छ. एकही वॉर्निंग नाही.

"बघितलंत?" सबनीस म्हणाले.

मी त्या इंजिनिअरला विचारलं, "शून्याजवळच्या पत्त्यांना याची तक्रार नाही?"

"ती बंद करून ठेवलीय आम्ही. फार खोटं ओरडतो तो तिथं."

"दुरुस्तीच्या चिपेतून वाचता?"

"वाचतो ना. शून्य येतो. म्हणजे सेन्सर बरोबर आहेत."

तिथं चिपच नाही, मी सांगितलं. त्यानं मान डोलवली आणि वहीत टिपून घेतलं. पुढं काय झालं मला कळलं नाही. पत्रांबद्दल विचारलं की कळायचं, मसुदा वकिलाकडं आहे. मग कळायला लागलं, विचारू नका. मी आरोग्य खात्याला माझ्या नावानं दोन अर्ज धाडले. पहिल्याची पोच आली.

निरोपसमारंभानंतर दीड महिन्यानं सरांचा फोन आला. "चौसष्टांचे पत्ते हायत का तुझ्याकडं?"

मी पाठवणीच्या नोंदवहीतून ते हातानं उतरवून घेतले आणि पोस्टानं पाठवले. त्यानंतर वर्षभर ते एसटीनं फिरले. पिशवीत पाण्याची बाटली, औषधाच्या दुकानातनं घेतलेला काचेचा थर्मामीटर आणि कंपनीच्या नावाचं जुनं ओळखपत्र. ज्याच्या मागची तारीख संपलेली होती ते. बहुतेक दवाखान्यांच्या दारातूनच परत यायचे. कुठं कंपनीचं पत्र मागायचे, कुठं डॉक्टर रजेवर. अकरा ठिकाणी मात्र कुणी ना कुणी ऐकलं आणि यंत्र कोपऱ्यात सरकवून वर चादर टाकली. प्रत्येक वेळी स्टँडवरून मला फोन यायचा. मागं गाड्यांच्या घोषणा, आणि त्यांचा आवाज वर चढवलेला.

शेवटचा फोन मला शब्दाशब्दानं आठवतो. त्यानंतर त्यांचे पाय सुजायला लागले आणि मुलानं फिरणं बंद केलं.

"आज आत सोडलं," ते म्हणाले. "नर्स लई भली. बसा म्हनली, पानी दिलं. थर्मामीटर लावू दिला."

"मग?"

"माझ्यावर अडतीस. यंत्रावर साडेछत्तीस."

"दाखवलंत तिला?"

"दाखवलं. म्हनली, काका, तुमचं काचेचं जुनं झालं आसंल. मशीन नवीन हाय."

"डॉक्टर?"

"चारला येनार म्हनलं. सहापत्तूर बसलो. मग वॉचमन आला, वेळ झाली म्हनला."

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "गादीवर कुणी होतं, सर?"

"हुतं. पोरगी. दोन दिसांची. तोंड लाल झाल्यालं." घोषणा झाली, ती संपेपर्यंत ते थांबले. "मी म्हनलं बाई, दीड अंश खाली घे. तिनं फाइल दाखवली. साडेछत्तीस ठेवा, आसं लिवल्यालं. आन पडद्यावर साडेछत्तीसच हुतं की. तिचं काय चुकलं?"

"तुम्ही तिला समजावून..."

"समजावलं गं. लई येळ समजावलं. चांगली शिकल्याली पोरगी. तिला शिकवलंयच तसं, पडदा बघ." मग मागच्या घोषणेवर आवाज चढवून ते म्हणाले, "मी तिच्या जागी आसतो, वैजू, तर मीबी पडदाच बघितला आसता."